बिनमेथीचं बाळंतपण

लोहाऱ्याच्या पेठेत हत्तुऱ्यांचं किराणा दुकान आहे. त्या दुकानात एखाद्या दिवशी साखर संपेल, पण मेथीदाणे संपले असं कधी झालेलं नाही. आसपासच्या गावांतल्या बाळंतिणींचा डिंक, खारीक, सुंठ, मेथी सगळं इथूनच जातं. आणि त्याच घरच्या लेकीच्या बाळंतपणात मेथीचा एक दाणासुद्धा वापरायचा नाही, असा हुकूम निघाला. हलवायाच्या घरी साखरबंदी! गल्लीत चर्चा व्हायचीच, ती झाली.

हुकूम काढणारी होती उमादेवी, दुकान चालवणाऱ्या मल्लेशची थोरली बहीण. सगळा जन्म हैदराबादच्या प्रयोगशाळेत काढून, नावापुढं डॉक्टर लावून, निवृत्त होऊन ती माहेरी राहायला आली होती. डॉक्टरीणबाई आली म्हणून पहिल्या आठवड्यात तीन-चार बायका गुडघे दाखवायला आल्या. उमादेवीनं त्यांना चहा दिला आणि गुडघे तसेच परत पाठवले.

"मी एका एन्झाइमची डॉक्टर आहे," ती सांगायची. "बाकी कशातलं मला काही कळत नाही."

"म्हंजी सुईची न्हाय, बाटलीची डॉक्टर," बायकांनी आपापसात अर्थ लावला, आणि तो काही चुकीचा नव्हता.

बाळंतीण म्हणजे शिवरंजनी, मल्लेशची एकुलती एक मुलगी. तिला दिली होती आळंदला, तिच्या आजीच्या, गौराबाईच्या माहेरात. नवरा सोमेश हा गौराबाईच्या सख्ख्या भावाचा नातू. नात्यातलंच स्थळ, पाहिलेला मुलगा, दोघांचं एकमेकांवर मन, कुणाला काय अडचण असणार? अडचण एकटीला होती, आत्याला. लग्न ठरताना 'नात्यात नको' म्हणून उमादेवीनं एकदा तोंड उघडलं. मल्लेश म्हणाला, "अक्का, तुझं बाटलीतलं शास्त्र मांडवात आणू नको." दिवस राहिल्यावर तिनं पुन्हा सांगून पाहिलं, की पोटातल्या बाळाची एक तपासणी होते, करून घेऊ. तेव्हा शिवरंजनीची सासू म्हणाली, पोटातल्या लेकराची कशाला झडती घ्यायची? मग उमादेवीनं भाचीला एकटीला गाठलं आणि दोनच गोष्टी मागितल्या. दवाखान्यातून घरी यायच्या आधी बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब कागदावर घ्यायचा, आणि बाळंतपणात मेथी खायची नाही.

"लाडू एवढा वाईट आसतो का आत्या?"

"लाडू चांगला असतो गं. पण तो खाल्ला की बाळाच्या अंगाला त्याचा वास येतो. मला तो वास मधे नको आहे."

शिवरंजनीनं शब्द दिला. दुखावली गेली ती गौराबाई. ऐंशी ओलांडलेली, हातात काठी, पण गल्लीतलं कुठलंही नवं लेकरू अजून तिच्याच पायांवर न्हायचं, आणि तिच्या हातचा मेथीचा लाडू आळंदपर्यंत नावाजलेला. पणतू बघायचं भाग्य आलं आणि लाडू वळायचा नाही म्हणे! ती लेकीशी दोन दिवस बोलली नाही.

या सगळ्यात आणखी एक अडचण होती. उमादेवीला वास येत नव्हता. करोनात गेलेला वास लोकांचा परत आला, हिचा आलाच नाही. ज्या नाकावर तिचं सगळं आयुष्य उभं राहिलं, तेच नाक आता नुसतं चष्मा ठेवायच्या कामाचं उरलं होतं. घरातल्यांच्या नाकावर भिस्त होती, आणि म्हणूनच मेथी नको होती. रक्ताच्या कागदाला मेथीनं काही फरक पडत नाही. फरक माणसांना पडतो. वास आला तर कुणी "लाडवाचा असंल" म्हणून सोडून देऊ नये, एवढंच तिला हवं होतं. कारण या घरात ते एकदा झालेलं होतं.

ते सांगायचं तर मागं जायला पाहिजे.

गौराबाई आणि तिचा नवरा गुरुसिद्धप्पा हे मामा-भाची. मामानं भाची करणं त्या भागात, त्या काळी नवलाचं नव्हतं. घरची पोर घरातच राहिली म्हणून सगळे खूशच होते. पहिली उमा झाली, धडधाकट. तिच्यामागं मुलगा झाला. बाळंतिणीसाठी परातभर लाडू वळले होते, आणि बाळाच्या दुपट्याला गोड वास यायचा, मेथी भाजून काकवीत टाकल्यासारखा. बघायला आलेल्या बायका कौतुकानं म्हणायच्या, "आईनं लाडू खाल्ला, लेकरात उतरला." मग लेकरानं दूध ओढायचं सोडलं, अंग ताठ केलं, आणि बारसं व्हायच्या आत ते गेलं. गौराबाईची सासू, जी तिची आजीच होती, म्हणाली, मेथी उष्ण पडली.

पुढं दुसरा मुलगा झाला. त्यालाही तोच वास आला, आणि तोही गेला. "गोड वासाची लेकरं देवाला आवडतात," कुणीतरी म्हणालं. उमा तेव्हा सहा वर्षांची होती. भावाला न्यायच्या आधी आईनं त्याचं दुपटं उराशी धरलं होतं, आणि उमा त्या दुपट्यात तोंड घालून उभी होती. तो वास तिच्यात राहून गेला. त्यानंतर मल्लेश झाला. त्याला कसला वास आला नाही आणि तो जगला.

गुरुसिद्धप्पा शिकलेले नव्हते, पण मुलीच्या शिक्षणाच्या आड कधी आले नाहीत. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते उमाला डोळे मिटायला सांगायचे आणि मुठीतला दाणा तिच्या नाकाशी धरायचे. ओवा, शेपा, धणे, मेथी, चारोळी. ती चुकत नसे. "माझ्या पोरीचं नाक तराजू हाय," ते गिऱ्हाइकांना सांगायचे. तालुक्यातून मुली कॉलेजला जात नव्हत्या त्या काळात त्यांनी उमाला उस्मानाबादला ठेवलं. आता त्याला धाराशिव म्हणतात. तिथून औरंगाबाद, तिथून हैदराबाद. भावकीनं कान फुंकले, की पोर हातची जाईल. "हातची जाईना का," अप्पा म्हणाले, "डोक्यानं जायला नको." प्रत्येक सुट्टीनंतर ते तिला एसटीत बसवून द्यायचे, आणि गाडी वळेपर्यंत उभे राहायचे.

हैदराबादला ज्या सरांच्या हाताखाली ती संशोधन करायला लागली, ते अमिनो आम्लांवर काम करायचे. आपण डाळ, दूध, जे काही खातो त्यातली प्रथिनं पोटात सुटी होतात, त्या सुट्या तुकड्यांना अमिनो आम्लं म्हणतात. शरीर त्यातलं हवं तेवढं वापरतं आणि उरलेलं मोडतं, आणि हे मोडायचं काम एन्झाइम करतात. एकेका कामाला एकेक नेमलेलं. त्यातलं एक जरी जन्मतःच नादुरुस्त निघालं, तर माल येत राहतो, विकला जात नाही, आणि गोदाम भरून रस्त्यावर येतं. उमादेवी किराणा दुकानात वाढलेली. तिला हे पहिल्याच दिवशी कळलं.

एन्झाइम मिळवायचं मात्र काळजातून, म्हणजे शेळीच्या. गळ्यात इष्टलिंग घातलेली, कांदा चिरतानासुद्धा पाट पुसून घेणाऱ्या शाकाहारी घरातली ही मुलगी, रोज सकाळी बर्फाचा डबा घेऊन खाटकाच्या दुकानापुढं उभी राहायची. पहिल्या दिवशी तिला घेरी आली. दुकानदार बिचारा भला माणूस. त्यानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून काळीज कागदात बांधून, वर पानं लावून, तिला दिसणार नाही असं डब्यात ठेवू लागला. घरी विचारलं तर ती सांगायची, "काळजाचं काम आहे." ते खोटं नव्हतं.

पुस्तकात एका आजाराची माहिती होती. ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलीन ही तीन अमिनो आम्लं मोडणारं एन्झाइम काही बाळांत जन्मतःच काम करत नाही. बाळ दूध प्यायला लागलं की ती रक्तात साठतात, मेंदूला चढतात, आणि उपचार न झाल्यास थोड्याच दिवसांत बाळ जातं. ओळखायची खूण अशी, की लघवीला मेपल नावाच्या झाडाच्या पाकासारखा वास येतो. आता लोहाऱ्याच्या पोरीनं बाभूळ पाहिली, कडुलिंब पाहिला, चिंच पाहिली. मेपल कुठून पाहणार? तिनं ते वाक्य पाठ केलं, परीक्षेत लिहिलं, पैकीच्या पैकी गुण घेतले. न घेतलेल्या वासाचे गुण.

मग एकदा सर परिषदेला कॅनडाला जाऊन आले आणि विद्यार्थ्यांसाठी त्या पाकाची एक छोटी बाटली घेऊन आले. दुपारच्या डब्याच्या वेळी बाटली हातोहात फिरली. उमादेवीनं बूच काढलं, नाकाशी नेलं, आणि बाटली पुढं द्यायची सोडून ती पुन्हा पुन्हा हुंगत राहिली.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"सर, हा आमच्या दुकानातला वास आहे," ती म्हणाली. "मेथीचा. आणि आमच्या घरातून गेलेल्या दोन बाळांचा."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! इतकी वर्षं ज्या वासाची व्याख्या ती घोकत होती, तो वास तिच्याच घरातून उठून गेला होता, आणि पुस्तकानं त्याला परदेशी झाडाचं नाव दिलं म्हणून ओळखू आला नव्हता. मेथीत आणि त्या आजारात वासाचं द्रव्य एकच असतं, हे पुढं तिला वाचायला मिळालं.

पण सर घाई करणारे नव्हते. ते म्हणाले, मेथी खाल्लेल्या आईच्या निरोगी बाळालाही तो वास येतो. तुमच्याकडे बाळंतिणीला लाडू देतात ना? मग तुझ्या भावांना आजार होता असं कशावरून?

उमादेवी सुट्टी काढून घरी आली. गौराबाई परातीत तूर निवडत होती. लेकीनं समोर बसून हळूच विषय काढला, की अव्वा, दोन्ही वेळा लाडू खाल्ले होतेस का गं?

"दुसऱ्याच्या टायमाला केलेच न्हाईत की," गौराबाई खडा बाजूला टाकत म्हणाली. "सासू आत्तीनं मेथी घरात आणू दिली न्हाई. तरी वास आलाच."

उमादेवीला रडू फुटलं. दुसऱ्या बाळाला लाडवाशिवाय वास आला होता. म्हणजे तो आजारच. तिनं आईला सगळं समजावलं, की दृष्ट नव्हती, मेथी उष्ण पडली नव्हती, तुझं काही चुकलं नव्हतं. बाळांना दुधातलं पचवता येत नव्हतं. गौराबाईनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी माझं दूधच त्येंला इख झालं म्हण की," ती म्हणाली.

उमादेवी परातीतली तूर तिच्यासोबत निवडू लागली. त्या दिवसानंतर गौराबाईनं हा विषय पुन्हा काढला नाही, आणि लेकीनंही काढला नाही.

सरांनी मात्र तिचा संशोधनाचा विषय बदलून दिला. तेच एन्झाइम, तीच तीन अमिनो आम्लं, आणि पुढची सगळी वर्षं. त्यातून तिनं काय केलं, असं विचारलं तर ती बोटाच्या पेराएवढी खूण करते. मोडक्या एन्झाइमच्या काही जाती अगदीच निकामी नसतात, बी-वन जीवनसत्त्व दिलं तर जरा टिकून काम करतात. त्या का टिकतात, या मोठ्या कोड्यातला एक छोटा तुकडा तिनं बसवला. तेवढ्यासाठी शेळ्या किती गेल्या, ते तिनं मोजलं नाही. शिवाय तान्ह्या बाळांच्या रक्ताचा थेंब कागदावर वाळवून तपासायची सोय तिच्या प्रयोगशाळेत उभी राहिली. लग्न तिनं केलं नाही. स्थळं यायची ती नात्यातलीच, आणि ही नात्यातल्या लग्नांचे आकडे सांगत बसली की पाहुणे चहा निवायच्या आत उठायचे.

मोठे सन्मान वगैरे वाट्याला आले नाहीत. तिला त्याची हळहळही नाही. कामाबद्दल बोलायला बसली की ती आधी माणसंच सांगते. अप्पा सांगते, सर सांगते, काळजावर पानं लावून देणारा खाटीक सांगते, आणि सगळ्यात शेवटी सानिया. सानिया ही धाराशिवचीच, तिची शेवटची विद्यार्थिनी. आता ती प्रयोगशाळा सानियाच चालवते.

असो. बाळंतपणाकडे येऊ.

शिवरंजनी उमरग्याच्या दवाखान्यात बाळंत झाली. मुलगा झाला. घरी सोडायच्या आधी टाचेचा थेंब कागदावर घेतला आणि कागद सानियाकडे रवाना झाला. बाळ घरी आलं, गौराबाईच्या पायांवर न्हालं, शेक झाला, धुरी झाली. सगळं रीतसर, फक्त मेथीशिवाय. उमादेवी दिवसातून दहादा विचारायची, वास येतो का? "न्हाय," गौराबाई सांगायची, आणि काठी टेकत निघून जायची.

घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी शिवरंजनीनं हाक मारली.

"आत्या, बाळ ओढंनाच झालंय. नुसतं झोपायलंय. आणि ह्ये दुपटं बघा, ह्येला गोड वास यायलाय."

उमादेवीनं दुपटं नाकाशी धरलं. तिला काहीच कळलं नाही. तिनं ते मल्लेशपुढं धरलं. जन्म दुकानात गेलेल्या मल्लेशनं एकदाच हुंगलं आणि त्याचा चेहरा पडला.

"मेथी हाय," तो म्हणाला.

"गाडी काढ," उमादेवी म्हणाली. "उमरग्याला साखरेची सलाइन लावून घेऊ आणि तसंच हायवेनं हैदराबाद. तोवर बाळाला दूध द्यायचं नाही."

"दूध न्हाय?" शिवरंजनीनं बाळाला घट्ट धरलं. "आईचं दूध तोडायचं?"

"आत्ता तोडायचं. माझ्यावर विश्वास ठेव."

घरात एकच धांदल उडाली. बाळाला बघायला आळंदहून आलेला सोमेश कपडे भरायला लागला, मल्लेशनं शटर ओढलं. शिवरंजनी बाळाला घेऊन गाडीत बसली, आणि तेवढ्यात गौराबाई दाराशी येऊन उभी राहिली.

"म्या दिलता लाडू," ती म्हणाली.

सगळे थांबले.

"काल दिलता. पोरीची कंबर धरल्याली बघवंना मला. ती नको म्हनत व्हती, म्याच बळं चारला. आत्याला सांगू नको म्हनलं."

शिवरंजनीनं मान खाली घातली. मल्लेशनं मोठा श्वास सोडला, आणि मग त्याला हसूच आलं. "बघ, अक्का! लाडवाचा वास हाय. आन आपण कुठं निघालो हैदराबादला! उतर गं पोरी, उन्हाचं लेकराला नेऊ नको." सोमेशनं पिशवी खाली ठेवली. धांदल ऐकून जमलेल्या शेजारच्या बायका हसायला लागल्या. एका लाडवानं सगळ्यांच्या छातीवरचा धोंडा उतरवला.

उमादेवीला आईचा भयंकर राग आला. आयुष्यभर ज्या एका गोष्टीला ती भ्याली, तीच गोष्ट समोर घडत होती. साठ वर्षांपूर्वी याच घरात याच शब्दांनी सगळे निर्धास्त झाले होते. लाडू खाल्ला म्हणून वास आला असेल, पण लाडू खाल्ला म्हणून आजार नाही, असं थोडंच असतं? ती हे म्हणाली असती तर मल्लेशनं वाद घातला असता, आणि वादाला वेळ नव्हता. ती आईजवळ गेली. काठीवरच्या आईच्या हातावर तिनं हात ठेवला. सगळे हसत होते, आई एकटी हसत नव्हती. नुसता लाडवाचाच वास, तर तिला हसायला काय हरकत होती? आणि तिच्या मनात एक प्रश्न आला, प्रयोगशाळेत रोज विचारला जाणारा, अगदी साधा.

"अव्वा," ती म्हणाली, "आधी काय? लाडू का वास?"

गौराबाईनं तोंड दुसरीकडं फिरवलं.

"सांग अव्वा. तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही."

"वास," गौराबाई म्हणाली.

गल्लीतलं हसणं थांबलं.

"काल न्हाऊ घातलं तवाच आला. कानापाशी. तोच वास, उमा, म्या इसरंन व्हय? म्हनलं, पोरीला लाडू चारते, म्हंजी लाडवाचाच व्हईल. लाडवाचाच व्हवो म्हनलं गं..." आणि ती दाराच्या चौकटीला धरून खाली बसायला लागली. उमादेवीनं तिला सावरलं. राग कुठल्या कुठं गेला होता. जी गोष्ट आईनं दोनदा सोसली, ती तिसऱ्यांदा येताना दिसली तेव्हा तिनं तिला लाडवाखाली झाकून ठेवलं होतं, एवढाच तिचा अपराध.

मल्लेश अजून तसाच उभा होता. गौराबाईनंच काठी उचलली आणि गाडीकडं दाखवली. "उभा काय राह्यलास? न्ये म्हनते ना त्येला! त्या दोघांच्या टायमाला न्यायला कोन न्हवतं. आता तुझी अक्का हाय."

गाडी निघाली. उमरग्याला सलाइन लागली, दवाखान्याची अँब्युलन्स मिळाली. झहीराबादच्या आसपास सानियाचा फोन आला. तिनं कागद सकाळीच मशिनवर लावला होता.

"मॅडम, ल्युसीन खूप वर आहे," ती म्हणाली. "पण तुम्ही लवकर निघालात. इथं सगळी तयारी आहे, या."

उमादेवीनं फोन ठेवला आणि शेजारी बसलेल्या भाचीला जवळ घेतलं. आयुष्यभर ज्या आजाराचा तिनं अभ्यास केला, तो जिवंत आणि वेळेत सापडलेला असा तिच्या मांडीशेजारी झोपला होता. तिला भीती वाटली, आणि भीतीच्या खाली, तिलाच नवल वाटावं एवढं, बरंही वाटलं.

पुढचे दिवस दवाखान्याचे होते. सलाइन, रोजचं रक्त, आणि ती तीन अमिनो आम्लं वगळून बनवलेली दुधाची भुकटी. ल्युसीन हळूहळू उतरत गेलं. एका दुपारी बाळानं डोळे उघडून ओठ हलवले, आणि बाटली ओढायला लागलं. शिवरंजनी रडली, सोमेश रडला, आणि खिडकीकडं तोंड करून मल्लेशही रडून घेत होता.

"अक्का," तो नंतर म्हणाला, "तुझं बाटलीतलं शास्त्र..." त्यानं वाकून तिच्या पायांना हात लावला.

या आजाराला एकदा घेऊन संपणारं औषध नाही, जन्माचं पथ्य आहे. डाळ, दूध, शेंगदाणा सगळं वजनकाट्यावर. घरी आल्यावर उमादेवी ते सगळ्यांना समजावत होती आणि गौराबाई काठीवर हनुवटी टेकून ऐकत होती.

"आणि शिवरंजनीचं दूध रोज एवढं," उमादेवीनं वाटीवरची खूण दाखवली.

"आईचं दूध?" गौराबाई ताठ झाली. "त्ये चालतं व्हय त्येला?"

"चालतं म्हणजे लागतंच, अव्वा. ती तीन आम्लं थोडी तरी पोटात जायलाच हवीत, त्याशिवाय वाढ होत नाही. फक्त मोजून. आईच्या दुधासारखं दुसरं काही नाही."

गौराबाईनं ती वाटी हातात घेऊन खूण बघितली. मग हळू आवाजात, जणू स्वतःलाच, म्हणाली, "म्हंजी इख न्हवतं त्ये."

"नव्हतं अव्वा. कधीच नव्हतं."

म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला. चाळीस वर्षांपूर्वी न सुचलेलं उत्तर लेकीला आता कुठं देता आलं होतं, आणि ते तिला या एवढ्याशा बाळानं शिकवलं होतं.

बारसं उशिरानं झालं, पण थाटात झालं. सानिया हैदराबादहून आली. नाव ठेवलं मल्हार. बायकांसाठी परातभर मेथीचे लाडू वळले, गौराबाईच्या देखरेखीखाली. कुणीतरी हळहळलं, की एवढा लाडू, पण लेकराला जन्मात खाता यायचा नाही. "न्हाय खाल्ला लाडू तर काय मरतो का माणूस?" गौराबाई फटकन म्हणाली, आणि जिच्या लाडवाचं नाव आळंदपर्यंत होतं तिच्या तोंडून हे ऐकून सगळ्या हसल्या.

मग तिनं मल्हारला मागून घेतलं. तो तिच्या मांडीवर आला, पाय झाडले, आणि आलेल्या सोळा बायकांसमोर तिचं नवं इरकल लुगडं ओलं करून मोकळा झाला. शिवरंजनी धावली. गौराबाईनं तिला हातानं थांबवलं. लुगड्याचा ओला काठ तिनं नाकाशी नेला, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला.

"उमा," तिनं हाक मारली. "तुला कळायचं न्हाय गं बाई, म्या सांगते. मुताचा वास यायलाय. नुसता मुताचा!"

आणि तोच ओला काठ तिनं कपाळाला लावला.